रेडमंडची काळी माती

बाबांना इथंच, रेडमंडला माझ्याकडे ठेवून घ्यायचं, हे मी ठरवून टाकलं होतं. फक्त बाबांना विचारायचं राहिलं होतं. आई गेल्यावर अकोल्याच्या घरात ते एकटे. शेजारचे काका सकाळी आवाज देतात, संध्याकाळी नाही. संध्याकाळी काही झालं तर? आडून विषय काढला की बाबा म्हणत, "पाहू." आमच्याकडे 'पाहू' म्हणजे नाही. हे मला चांगलं ठाऊक होतं, पण मुलींना सोयीस्कर तेवढंच ऐकू येतं.

परतीचं तिकीट दोन आठवड्यांवर आलं, तेव्हा मी त्यांचं मन रमवायचं जोरात मनावर घेतलं. मंदिर झालं, धबधबा दोनदा झाला, मॉलमध्ये त्यांचं बाकावर बसून झालं. राहिली होती दलदल. तासाभराच्या ड्राइव्हवर एक जुनं पीट बॉग आहे, म्हणजे शेवाळावर शेवाळ साठून झालेली ओली जमीन. शनिवारी एक गोऱ्या काकू ते फिरवून दाखवतात. फुकट आहे आणि पार्किंग मिळतं. यार, आणखी काय पाहिजे?

लाकडी फळ्यांची वाट सुरू व्हायच्या आधीच बाबा कडेला वाकले आणि मूठभर चिखल उचलला. काळाकुळकुळीत. बोटांनी चुरला, नाकाशी धरला. इथं आल्यापासूनच्या सहा महिन्यांत त्यांचा चेहरा असा उजळलेला मी पाहिला नव्हता.

"कशी जमीन हाये वं ही! कापूस नुसता फेकला तरी उगवंन. अन् पडीक काहून ठेवली?"

आयुष्यभर बँकेत नोकरी केलेला माणूस. पण अकोल्याचा माणूस काळ्या मातीबद्दल बोलायला कुणाच्या बापाला भीत नाही. तो गोळा ते रुमालात बांधायला लागले. माझ्या बाल्कनीतल्या मेथीसाठी.

काकूंनी हसून तो परत ठेवायला लावला. एवढासा थर साठायला कित्येक वर्षं जातात, म्हणाल्या. पूर्वी लोकांनी बागांसाठी कडेकडेनं खणून नेला, त्याचे खड्डे अजून दिसतात. मी मेथीचं सांगितलं तर म्हणाल्या, ती यात मरेल. ही माती दिसते तशी नाही, आंबट आहे आणि उपाशी आहे. मधला भाग फुगून आजूबाजूच्या जमिनीपेक्षा वर आलाय, त्यामुळे ओढ्याचं पाणी इथं चढत नाही. जे काय मिळतं ते वरून पडणाऱ्या पावसातून.

मी हे सगळं मराठीत सांगितलं. बाबांचा विश्वास बसला नाही. काळी माती उपाशी? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच भाषांतरात घोळ घातलाय.

पुढे काकूंनी बोटाएवढं लालसर रोप दाखवलं. पानांवर चिकट थेंब, थेंबांत एक चिलट. मातीत काही नाही म्हणून किडे खातं. मग एक झुडूप दाखवलं. इथले मूळचे लोक त्याच्या पानांचा चहा करत आलेत. बाबांनी पान न तोडता नुसता वास घेतला. आता ते शहाण्यासारखे वागत होते आणि मी मनातल्या मनात त्यांच्या खोलीला कुठला रंग द्यायचा ते ठरवत होते.

मधोमध एक पाईनचं झाड होतं. बाबांच्या छातीएवढं. काकू म्हणाल्या, हे आपल्या सगळ्यांपेक्षा वयानं मोठं आहे.

"मग मरत काहून नाही?" बाबांनी विचारलं.

मी विचारलं. काकू म्हणाल्या, मरण्यासारखं त्याला काही होत नाही. मात्र वाढतही नाही.

बाबा तिथं बराच वेळ उभे राहिले. मला वाटलं, त्यांना झाड आवडलं. मी फोटोही काढला.

गाडीत बसल्यावर सीटबेल्ट लावता लावता ते म्हणाले, "मी जातो परत."

माझं डोकंच फिरलं. कोण करून घालणार, बीपीच्या गोळ्यांची आठवण कोण करणार, पडलात तर कुणाला कळणार, सगळं मी एका दमात बोलले. सिग्नल हिरवा झाल्याचं मागच्याच्या हॉर्ननं सांगितलं.

"इथं मी मरणार नाही, हे मले समजते," ते म्हणाले. "तू मरू देणारच नाहीस. तुह्यात काही कमी नाही, बाई. पण मले कोनाशी भांडावं वाटलं, तर इथं कोनाशी भांडू?"

मला राग आला. ते खरं बोलत होते याचा त्याहून जास्त आला. शेजारच्या काकांशी पाण्याच्या मोटरवरून त्यांचं तीस वर्षं भांडण आहे, हे मला माहीत होतं. मी ते काळजीच्या यादीत धरलं होतं.

घराशी गाडी थांबवली आणि तिथंच बसून फोनवर तिकीट कन्फर्म केलं. अक्षरं नीट दिसत नव्हती, दोनदा चुकलं.

"खिडकीची सीट घेजो," बाबा वाकून पाहत म्हणाले.

सहा महिन्यांत त्यांनी माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट होती. मी वरचे पैसे भरून ती घेतली.