गोरिलाच्या मनगटातली तार

माझे वडील गावातली मेलेली ढोरं ओढायचे. छप्पन्न साली दीक्षा घेतल्यावर त्यांनी ते काम सोडलं, आणि त्यासाठी गावानं त्यांना जेवढा त्रास द्यायचा तेवढा दिला. पुढं मी परभणीला शिकून गुरांचा डॉक्टर झालो, तेव्हा हसावं की रडावं त्यांना कळेना.

"आमी ढोरं सोडली, अन् तू पुन्हा ढोराकडंच चाललास व्हय?" एवढंच म्हणाले.

मी वसतिगृहात असतानाच नामांतराची दंगल झाली. सोनपेठकडच्या आमच्या वस्तीतली काही घरं जळाली, त्यात आमचंही होतं. नंतर सेलू तालुक्यात नोकरी लागली. गाय अडली की लोक रात्री-अपरात्री बोलवायला यायचे. खांद्यापर्यंत हात घालून मी वासरू ओढून काढायचो, तेव्हा कुणाची हरकत नसायची. पण काम झाल्यावर काही घरी तांब्या हातात मिळत नसे. पाणी वरून ओतलं जाई. मी हात धुवायचो आणि सायकलवर टांग टाकायचो.

पूर्व आफ्रिकेतल्या एका देशाला गुरांचे डॉक्टर हवे होते. मी अर्ज केला आणि गेलो.

माझा दवाखाना डोंगराच्या पायथ्याशी होता. वर राखीव जंगल होतं, दुपारपर्यंत धुक्यात बुडालेलं. त्या जंगलात डोंगरी गोरिला राहायचे. साऱ्या जगात ते थोडेच उरले होते, म्हणून पहारा कडक होता. माझा संबंध फक्त खालच्या गाईंशी. गोरिलांसाठी एक परदेशी डॉक्टरीणबाई होत्या. एकदा त्या दवाखान्यात आल्या. हरणासाठी लावलेल्या फासात गोरिलाच्या एका पिल्लाचा हात अडकला होता. फास तुटला, पण तार मनगटात रुतून बसली होती. बाईंचा मदतनीस तापानं पडला होता.

"येता का?" त्यांनी विचारलं.

"मी फक्त गुरं पाहतो."

"जखम तर जखमच असते ना?"

चढायच्या आधी त्यांनी नियम सांगितले. सर्दी-खोकला असेल तर यायचं नाही. तोंडाला फडकं बांधायचं. गरज नसेल तेव्हा लांब राहायचं, कारण माणसाचा आजार त्यांना लवकर लागतो. लांब राहायला मला याआधीही सांगितलं गेलं होतं. इथं मात्र तो नियम सगळ्यांना होता, त्या बाईंनाही.

कळप बांबूच्या बेटात सापडला. बाईंनी बंदुकीतून गुंगीची सुई मारली. पिल्लू डुलायला लागलं आणि आडवं झालं. पाठीवर पांढरे केस असलेला म्होरक्या नर छाती बडवत पुढं आला. पहारेकऱ्यांनी काठ्या आपटून, आवाज करून त्याला थोपवून धरलं. आई मात्र हलली नाही. ती समोर बसून आमच्या हातांकडं बघत राहिली.

मी पकडीनं तार तोडली, जखमेतले किडे काढले, पू धुतला. किडे पडलेली शिंगं मी कितीतरी साफ केली होती. काम तेच होतं. पण पिल्लाचा हात उलटा केला तर तळव्यावर रेषा होत्या, बोटांना नखं होती. क्षणभर माझा हात थांबला.

"लवकर करा," बाई म्हणाल्या.

आम्ही मागं सरल्यावर आई आली. तिनं जखम हुंगली आणि पिल्लाला पोटाशी घेऊन बांबूत शिरली. काही महिन्यांनी ते पिल्लू मला पुन्हा दिसलं. त्याची दोन बोटं वळत नव्हती, पण ते झाडावर चढत होतं.

सुट्टीवर गावी आलो तेव्हा हे सगळं वडिलांना सांगितलं. घर पुन्हा उभं राहिलं होतं, वर पत्रे पडले होते. दारात बसून त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "लय चांगलं केलंस. पर त्या रानात आदी कोन माणसं ऱ्हायची?"

"होती. बुटकी माणसं. शिकार करायची, मध काढायची. जंगल राखीव झालं तेव्हा त्यांना बाहेर काढलं."

"मंग कुटं गेली ती?"

"रस्त्याच्या कडेला झोपड्या आहेत त्यांच्या. दुसऱ्यांच्या शेतात बटाटे काढायला जातात."

"तू गेलतास का तिथं?"

"नाही. त्यांच्याकडं गुरं नाहीत."

वडील म्हणाले, "जनावर वाचवायलेत, ते वाचवावंच. माणसाला इचारायला काय झालतं?"

परत गेल्यावर मी त्या झोपड्यांकडं गेलो. एका म्हातारीच्या दोन शेळ्या जंतांनी वाळून गेल्या होत्या. मी औषध पाजलं. तिनं मला आत बसवलं आणि उकडलेले बटाटे पुढं केले. तिची भाषा मला येत नव्हती. ती जंगलाकडं हात करून बराच वेळ काही सांगत होती. सोबतच्या कंपाउंडरनं त्यातलं थोडंच मला सांगितलं: तिचा नवरा तिकडं वर पुरलेला होता, आणि आता तिला तिथं जाता येत नव्हतं.

करार संपेपर्यंत मी अधूनमधून तिच्याकडं जात राहिलो. तिच्यासाठी वर जायची परवानगी पहारेकऱ्यांच्या साहेबाकडं मागितली. मिळाली नाही.

कायमचा परत आलो तेव्हा हेही वडिलांना सांगितलं.

"शेळ्या तरी जगल्या का?" त्यांनी विचारलं.

"जगल्या," मी म्हणालो.