चरा नसलेला लेगगार्ड

त्या दुपारची आठवण अजून माझी पाठ सोडत नाही. नोकरीत याहून मोठे गुन्हे हाताळले, त्यांतले पुष्कळसे आता नीट आठवतही नाहीत. ही घटना मात्र तशीच्या तशी समोर उभी राहते. त्या घरातली माणसं अजून तिथंच राहतात, म्हणून नावं सांगत नाही.

एकोणीसशे पन्नासचं दशक होतं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि फौजदार होऊन मला फार दिवस झाले नव्हते. पिंपरीकडे पहिले कारखाने उभे राहत होते. मोशीच्या पुढं इंद्रायणीकाठी मात्र सगळी शेतीच होती. तिथल्या एका लहान चौकीची तपासणी मी त्या दिवशी करत होतो. हवालदारांनी नुकतीच जेवणासाठी फडक्याची गाठ सोडली होती, तेवढ्यात गावचा पोलीस पाटील धापा टाकत आला.

"साहेब, डोहाच्या वळणावर फटफटी पडलीया. माणूस न्हाई."

"गेला असेल कुठं मदतीला."

"न्हाई साहेब. गाडी चालूच हाय. जवळ जायची कुणाची छाती हुईना."

आम्ही सायकली दामटत निघालो. वळणाच्या अलीकडंच इंजिनाचा आवाज ऐकू आला. लोक लांब बाभळीखाली उभे होते. भर उन्हात रस्त्याकडेच्या गवतावर ती मोटारसायकल आडवी पडून धडधडत होती. आम्ही जवळ पोहोचलो, तिनं दोन आचके दिले आणि ती बंद पडली. त्यानंतरची शांतता मला त्या आवाजापेक्षा वाईट वाटली. खाली डोहाचं पाणी अगदी स्थिर होतं.

"आसरांनी नेला," मागून कुणीतरी म्हणालं. पाण्यातल्या या देवतांना तिकडे फार मानत. त्या डोहावर त्यांच्या नावानं हळदकुंकू वाहिलेले दगड होते.

गाडी गावातल्या एका तरुणाची होती. तो पिंपरीला कारखान्यात जात असे. लष्कराच्या लिलावात घेतलेली ती गावातली एकमेव मोटारसायकल. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचं प्रेत त्याच वळणाखाली वर आलं. डोक्याला मागून मार होता. गाडी घसरली, तो उडून काठावरच्या खडकावर आपटला आणि पाण्यात गेला, असं सगळ्यांचं मत पडलं. अकस्मात मृत्यूची नोंद झाली.

जबाब घ्यायला घरी गेलो, तेव्हा प्रकरण वेगळंच निघालं. त्याची बायको चार महिन्यांचं मूल मांडीवर घेऊन कोपऱ्यात बसली होती. बाळंतपणाचं सोयर फिटायच्या आत ती डोहावर धुणं धुवायला गेली, म्हणून आसरा कोपल्या, असा ठपका सासूनं आणि भावकीनं तिच्यावर ठेवला होता. तेरावा झाला की तिला माहेरी पोचवायचं आणि मूल इथंच ठेवायचं, असं ठरलं होतं. धाकट्या दिरानं या ठरावाला सर्वांत आधी मान डोलावली होती.

ती मला हळूच म्हणाली, "साहेब, मी गेले व्हते डोहावर, खरं हाय. माझ्यामुळंच झालं का वं?"

मी नाही म्हणालो, पण तिचा विश्वास बसला नाही. खरं सांगायचं तर, ते चालू इंजिन आठवलं की माझाही जीव थोडा चरकायचा.

जप्त केलेली गाडी चौकीच्या अंगणात उभी होती. तिच्या इंजिनापुढं दोन्ही बाजूंना वाकवलेल्या नळीचा लेगगार्ड बसवला होता. गाडी पडली तर तिचं वजन त्यावर येतं आणि पाय चिरडत नाही. मयत एकदा त्याच रस्त्यावर पडून घोटा दुखावून बसला होता, म्हणून त्यानं तो नुकताच बसवून घेतला होता.

"नुसतं मिरवायचं लोखंड, साहेब," हवालदार म्हणाले. "धनी तर गेलाच की!"

"पाय तरी वाचत असेल ना, हवालदार?"

"पाय वाचवून काय करायचाय?"

मलाही तेव्हा मोटारसायकल घ्यायची होती. गार्ड बसवणं खरंच उपयोगी पडतं का, एवढंच बघावं म्हणून मी उजव्या बाजूला वाकलो. गाडी त्याच अंगावर पडलेली होती. नळीला एक-दोन गवताच्या काड्या चिकटलेल्या होत्या. काळा रंग मात्र आरशासारखा. एवढी जड गाडी वेगात वळणावरच्या खडीच्या रस्त्यावर आपटून गवतापर्यंत घसरत गेली असेल, तर चरा कुठं आहे?

मयताच्या धाकट्या भावाला, म्हणजे त्या दिराला, बोलावून घेतलं. त्याला दम दिला नाही. चहा दिला आणि गाडीबद्दल विचारलं.

"तुला चालवता येते का रे?"

"दादा हात लावू देत न्हवता. म्हणायचा, तुझ्या हाताला गाडी लागली की भंगारच." तो हसला, पण ओठांपुरतंच.

"तो गार्ड बसवला, त्याचा काही फायदा झाला म्हणायचा का?"

"व्हय तर! एवढी पडली, पर साधा चरा न्हाई बघा!"

भावाला जाऊन आठवडाही झाला नव्हता आणि त्याचे डोळे चमकत होते. हवालदारांनी माझ्याकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी दोन पंच, पोलीस पाटील आणि धाकट्याला घेऊन वळणावर गेलो. गाडी कशी पडली ते पंचांसमोर पाहायचं आहे, एवढंच सांगितलं. दोन शिपायांनी गाडी रस्त्यात उभी धरली.

"सोडा," मी म्हणालो.

"नको! साहेब, नको! टाकी चेपंल!"

धाकटा धावत आला. शिपायांना बाजूला सारून त्यानं हँडल धरलं, गाडी कमरेवर तोलत गवतापर्यंत नेली आणि झोपलेलं मूल ठेवावं तशी उजव्या अंगावर अलगद टेकवली. हँडल वर वळवलं. उपरण्यानं गार्डवरची धूळ पुसली. मग त्यानं मान वर केली.

आम्ही सगळे त्याच्याकडे बघत होतो. गाडी त्या दुपारी होती तशीच, त्याच जागी पडली होती. क्षणभर मला ते इंजिन पुन्हा ऐकू येतंय असं वाटलं.

"आरं... अशीच व्हती," पाटील पुटपुटला.

धाकट्याचा हात अजून गार्डवरच होता. "एक चक्कर मागितली हुती," तो म्हणाला. "पाय धुवायला उतरला, गाडी चालू ठिवून. तरी न्हाई म्हणाला. मागनं दगड घातला, मग गाडी आडवी केली."

पोलिसापुढचा कबुलीजबाब कोर्टात चालत नाही. त्यानं दाखवलेल्या डोहाकाठच्या कपारीतून त्याचा रक्त लागलेला सदरा पंचांसमक्ष जप्त केला, आणि पुढं त्यानं मॅजिस्ट्रेटसमोर सगळं सांगितलं. त्याला शिक्षा झाली.

या प्रकरणापासून घटनास्थळी गेलो की काय मोडलंय ते तर मी बघायचोच, पण काय जपलं गेलंय तेही बघू लागलो. माणूस रागात भावाला मारतो, आणि ज्या वस्तूवर जीव जडलेला असतो तिला त्याच हातांनी सांभाळतो. हे मला आजही पुरतं समजलेलं नाही. लेगगार्डबद्दल कुणी विचारलं तर बसवा म्हणतो. पाय वाचतो, हे खरं आहे.

खटला संपल्यावर गाडी मयताच्या बायकोला परत द्यायचा हुकूम झाला. ती मुलाला कडेवर घेऊन चौकीवर आली. सासू बरोबर होती, तिनं सुनेच्या डोक्यावरचा पदर सारखा केला. कागदावर अंगठा झाला.

"ताई, विकून टाका. चांगली किंमत येईल," हवालदार म्हणाले.

तिनं मूल सासूकडे दिलं. गाडीभोवती एक फेरी मारली. मग दोन्ही तळहात सीटवर टेकवून सगळ्या अंगानं रेटा दिला. गाडी फरशीवर आदळली तेव्हा शेजारच्या झाडावरचे कावळे उडाले. गार्डवर लांबलचक पांढरा ओरखडा उमटला होता.

"आता न्या इकायला कुठं बी," ती म्हणाली. "आता हिच्यात कुणाचा जीव अडकायचा न्हाई."