फायटरवाले कदमकाका

रोज सकाळी सात वाजता कदमकाका आपल्याच घराच्या दारात, घराकडे पाठ करून उभे असत. शहराबाहेरच्या राऊ गावातल्या कॉलेजात शिकवायची नोकरी लागली म्हणून मी त्यांच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायला आले, आणि दुसऱ्याच दिवशी ते मला असे दिसले. हात मागे बांधलेले, नजर जिन्याच्या कठड्यावर, ओठ हलताहेत. मला वाटलं, काकूंनी भांडून बाहेर काढलं की काय! तेवढ्यात आतून काकूंचा आवाज आला, "आहेत सगळे. या आत." काकांनी केवढा तरी श्वास सोडला. मला पाहून ओशाळले.

"रातभरात कुणी गेलं असलं तर मला एकदम दिसायला नको, म्हणून आधी ही बघते," ते म्हणाले.

'कुणी' म्हणजे मासे. हॉलमध्ये भिंतीलगतच्या फळीवर काचेच्या अकरा बरण्या होत्या आणि प्रत्येकीत एक बेट्टा. दुकानात याला 'फायटर' म्हणतात. दोन नर एकत्र आले की एकमेकांना फाडतात, म्हणून त्यांना एकेकटं ठेवावं लागतं. आणि एकेकटं म्हणजे दुकानदाराच्या हिशेबात चहा पिण्याच्या प्लास्टिकच्या पेल्यात. हा मासा वर येऊन तोंडाने हवा घेतो. त्यामुळे घाण पाण्यातही तो पटकन मरत नाही. "जल्दी मरत नाही, हीच त्याची फजिती," काका म्हणत. त्यांच्याकडचा प्रत्येक मासा अशा पेल्यातून आणलेला होता. कुणाचे पर कुजलेले, कुणाची शेपटी चिंधीसारखी, कुणी एका कुशीवर कलंडलेला. नळाला आलेलं नर्मदेचं पाणी काका एक दिवस बादलीत उघडं ठेवत, चिमूटभर जाडं मीठ घालत, आणि बगीच्यात पडलेली बदामाची वाळकी पानं धुऊन त्यात सोडत. पाणी चहासारखं तांबूस होई. त्यात महिना-दीड महिन्याने शेपटीला नवी, काचेसारखी पारदर्शक कड फुटली की ते मला हाक मारून दाखवत. एरवी त्यांचा चेहरा कायम परीक्षेला बसलेल्या मुलासारखा असायचा, तो तेवढ्यापुरता सैल व्हायचा.

इतका भित्रा माणूस मी पाहिला नाही. लिफ्ट, कुत्री, अनोळखी नंबरवरून आलेला फोन, डॉक्टर, सगळ्याची त्यांना भीती. वीज खात्यात नकाशे काढण्यात जन्म गेला, पण घरातला बल्ब काकू बदलत. "आमचे खापरपणजोबा होळकरांच्या फौजेत घोड्यावर होते," ते सांगत. "घोडाच पुढे पळत असेल. त्यांचा काय इलाज!" काकूंना याचं काही वाटत नसे. "एका घरात घाबरणारा एकच पुरतो," त्या म्हणत. "माझा नंबरच लागला नाही."

मासे ते राजवाड्यामागच्या एका गल्लीतल्या दुकानातून आणत. पाच-सहा महिन्यांनी त्यांच्या लक्षात एक गोष्ट आली आणि ते दोन दिवस जेवले नाहीत. दुकानदाराने त्यांना पाहताच काउंटरखालून तीन पेले काढले होते. "अंकल, ये आपके लिए रखे हैं. एकदम बीमार!" त्याने आजारी मासे काकांसाठी वेगळे ठेवायला सुरुवात केली होती. मरायला टेकलेला मासाही खपतो म्हटल्यावर त्याने पाणी कशाला बदलावं?

"म्हणजे हे माझ्यामुळे होऊन राहिलंय," काका मला म्हणाले. "मी वाचवतो एक, आणि हा आणतो दहा."

शनिवारी त्यांनी मला स्कूटरवर राजवाड्याला न्यायला सांगितलं. सोबत पाण्याचे दोन कॅन. गर्दीतून वाट काढताना मागून ते सारखे "हळू, हळू" म्हणत होते. दुकानात शिरून त्यांनी दोन्ही हात खिशात घातले.

"भिया, आज मछली लेने नहीं आया. पानी बदलने आया हूँ. सबका."

दुकानदार हसला. "अंकल, दुकान मेरी है कि आपकी?"

काका वळले आणि बाहेर गेले. मी त्यांच्या मागे धावले. कोपऱ्यावरच्या पोहेवाल्याकडे त्यांनी ग्लासभर पाणी मागून घेतलं. अर्धं शर्टावर सांडलं. मी म्हटलं, "जाऊ द्या काका, घरी जाऊ." त्यांनी मान हलवली आणि परत दुकानाच्या पायऱ्या चढले.

"मेरे को डर लग रहा है, भिया," ते दुकानदाराला सरळ म्हणाले. "आप चिल्लाओगे तो मैं भाग जाऊँगा. पर कल फिर आऊँगा. पानी तो बदलना पड़ेगा."

भांडायला आलेला माणूस असं बोलत नाही. दुकानदाराने एक स्टूल पुढे सरकवलं. "बदल दो, यार. बैठ के बदलो." त्या दिवसापासून मंगळवारी आणि शनिवारी काका तिथे बसून पेले धूत. मासे विकत घेणं त्यांनी बंद केलं. फक्त एक गडद निळा मासा दुकानदाराने आपण होऊन, फुकट त्यांच्या हातात दिला.

पुढल्या थंडीत जिना चढताना काकांच्या छातीत दुखलं. तपासण्या झाल्या, बायपास ठरलं, आणि काकांनी ते दोन महिने टाळलं. कधी सण म्हणून, कधी पाहुणे म्हणून, कधी मासे म्हणून. "छाती उघडतात गं," ते हळूच म्हणत, जणू मोठ्याने बोललं तर छातीला ऐकू जाईल. अखेर काकूंनी बॅग भरली आणि दारात आणून ठेवली. काकू दवाखान्यात राहणार, तेव्हा किल्ली माझ्याकडे आली. सोबत नकाशाच्या सुबक अक्षरात लिहिलेला एक कागद: कुठल्या बरणीला किती दाणे, किती पाणी. निळ्याच्या पुढे लिहिलं होतं, 'पोट सुजलं आहे. सांगता येत नाही. काही झालं तर मला कळवू नकोस.'

ऑपरेशनच्या सकाळी मी कुलूप काढलं, पण आत पाऊल टाकवेना. मी तिथेच उभी राहिले. आतून 'आहेत सगळे' म्हणायला कुणी नव्हतं. शेवटी गेले. निळा बरणीच्या तळाशी पडला होता. अंगावरचे खवले उभे राहिले होते. मी बरणीला बोट लावलं. तो हलला नाही.

तेवढ्यात फोन वाजला.

"आत नेऊन राहिलेत मला," काकांचा आवाज अगदी बारीक आला होता. "निळा?"

"बरा आहे काका."

"वर आला का श्वासाला?"

"आला. आत्ताच आला."

मग, "बरं," एवढंच, आणि फोन बंद झाला.

तो दिवस मी कसा काढला, मलाच ठाऊक. निळ्याला रुमालात गुंडाळून बदामाच्या झाडाखाली पुरलं आणि कॉलेजला गेले. फळ्यावर काय लिहिलं, आठवत नाही. एकच विचार डोक्यात भिरभिरत होता: मेलेल्याला जिवंत म्हटलं मी. ऑपरेशनला निघालेल्या माणसाला ते शेवटचं ऐकवलं. शकुन-अपशकुनावर माझा विश्वास नाही, पण त्या दिवशी होता. तीन वाजता काकूंचा फोन आला. "झालं. बाहेर आणलं. डोळे उघडले नाहीत अजून." ते दुसऱ्या दिवशी दुपारी उघडले.

पंधरा दिवसांनी काका घरी आले. भिंतीला धरत फळीपर्यंत गेले आणि निळ्याची जागा रिकामी बघून थांबले. मी म्हटलं, "काका, त्या दिवशी मी..."

"ठाऊक होतं," ते म्हणाले. "तुझा आवाज माझ्यापेक्षा जास्त कापत होता. खरं सांगितलं असतंस, तर मी त्या स्ट्रेचरवरून उतरून पळालोच असतो. पण मी म्हटलं, ही पोरगी एवढी घाबरून राहिलीये, तरी माझ्यासाठी उभी आहे. मग पळायची लाज वाटली."

काका त्यानंतर तीन वर्षं होते. धीट वगैरे काही झाले नाहीत. लिफ्टमध्ये चढले नाहीत की अनोळखी फोन उचलला नाही. दुकानात मात्र शेवटपर्यंत जात राहिले.

गेल्या वर्षी त्यांना पुन्हा दवाखान्यात हलवलं, तेव्हा डॉक्टरांनी काकूंना बाजूला घेऊन सांगितलं की आता करण्यासारखं काही नाही. मी सकाळी कॉलेजला जाता जाता तिथे गेले. काकू एका बाजूला त्यांचा हात धरून बसल्या होत्या. काकांचे डोळे खोलीभर काहीतरी शोधत होते. सगळे बोलतात तेच मी बोलले.

"काका, घाबरू नका."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "घाबरणार," ते म्हणाले. "तू फक्त जाऊ नकोस."

मी कॉलेजात फोन करून येत नाही म्हणून सांगितलं, आणि दुसऱ्या बाजूला खुर्ची ओढून बसले.