डोळ्यातलं झाड

डोळ्यांचे डॉक्टर खोलीतला दिवा मालवतात, तेव्हा मी अजूनही खुर्चीचे हात घट्ट धरते. ते बुबुळावर बारीक उजेड टाकतात आणि समोरच्या अंधारात क्षणभर एक बिनपानांचं झाड उभं राहतं. डॉक्टर म्हणतात, घाबरू नका, तुमच्याच डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्यांच्या सावल्या आहेत त्या. माहीत आहे मला. लहानपणापासून माहीत आहे.

भिलाईचा पोलादाचा कारखाना तेव्हा उभा राहत होता. बाबा नागपूरकडून आले ते झाडं तोडून जागा साफ करणाऱ्या टोळीत. पुढे ते क्रेन चालवायला शिकले आणि आम्हाला सेक्टर दोनमध्ये क्वार्टर मिळालं. वितळलेल्या पोलादाची भलीमोठी बादली उचलून नेणारी ती क्रेन, आणि खाली वावरणारी माणसं. आपल्या नजरेवर इतक्यांचा जीव आहे, हे बाबा मिशीला पीळ देऊन सांगायचे.

भट्टीवरची माणसं ड्युटीवरून आली की गूळ खायची. गुळानं छातीतली धूळ खाली उतरते, यावर तेलुगू, बंगाली, पंजाबी सगळ्यांचं एकमत होतं. बाकी कशावरच नव्हतं. माय दुर्गच्या बाजारातून काळा गूळ आणायची. सगळ्यात मोठा खडा बाबांचा. बाबा वाळत चालले, तांब्यामागून तांब्या पाणी रिचवू लागले, तेव्हा तिनं तो खडा आणखी मोठा केला. भट्टीवाल्याला तहान लागणारच, असं शेजारीपाजारी म्हणाले. त्या गावात तहानेचं कुणालाच नवल नव्हतं.

मग एकदा जेवताना बाबा ताटात काहीतरी चिमटीनं धरू लागले.

"केस पडला काय व भाजीत?"

भाजीत केस नव्हता. काळे धागे त्यांच्या डोळ्यांतच तरंगत होते.

"अजी, डॉक्टरले दाखवा ना," माय म्हणाली.

"दाखवलं तं क्रेनवरून उतरवतीन मले."

जवळच्या जुनवानी गावाहून दूध घालायला येणाऱ्या बाईनं ते ऐकलं आणि निदान करून टाकलं. आमच्या क्वार्टरांच्या जागी म्हणे मोठी चिंच होती, ती बाबांच्या टोळीनं पाडली होती. "रुख आँखी म बइठ गे हे." म्हणजे ते झाड डोळ्यात येऊन बसलंय. मला तिचा असा संताप आला! धम्मदीक्षा घेतल्यापासून आमच्या घरात भूतखेताचं नाव काढायची सोय नव्हती. पण त्या दिवसापासून माय संध्याकाळी अंगणात दिवा ठेवू लागली. विचारलं, तर म्हणायची साप निघतात. दिव्यापलीकडे बघायची मलाही भीती वाटू लागली, हे मात्र खरं.

एके दिवशी क्रेनखाली उभा असलेला माणूस बाबांना दिसलाच नाही. दुसऱ्या कुणीतरी वेळेवर आरडाओरडा केला, म्हणून तो वाचला. बाबांनी क्रेन थांबवली, खाली उतरले आणि सरळ दवाखान्यात गेले. निरोप आला तशा आम्ही दोघी धावलो.

अंधाऱ्या खोलीत डॉक्टरांनी त्यांच्या डोळ्यात उजेड धरला आणि बाबा ताठ झाले.

"झाड हाय साहेब. बिनपानाचं."

मायनं माझे डोळे पदरानं झाकले. डॉक्टर हसले. हे झाड प्रत्येकाच्याच डोळ्यात असतं, रक्ताच्या नळ्यांचं, असं त्यांनी समजावलं. मग ते पुन्हा वाकले, बराच वेळ पाहत राहिले आणि त्यांचं हसू गेलं. बारीक फांद्या जागोजागी फुगल्यात, फुटल्यात, म्हणाले. त्यातून झिरपलेलं रक्त म्हणजे ते काळे धागे. ही शुगर आहे. खाता काय?

बाबांच्या खाण्याबद्दल नेहमी मायच उत्तर द्यायची. "गूळ खातेत जी," ती म्हणाली. "मीच देते."

नुसत्या गुळानं हा रोग होत नाही, असं डॉक्टरांनी तिला परोपरीनं सांगितलं. तिनं ते ऐकलं असेल असं मला वाटत नाही. फुटलेल्या नळ्या सांधायचा इलाज तेव्हा आमच्याकडे तरी नव्हता. घरी येऊन तिनं उरलेला गूळ मोरीत टाकला, आणि तिथं मुंग्या लागल्या तेव्हा त्यांच्यावर ओरडत सुटली. पुढं आयुष्यभर तिनं जिभेवर गूळ ठेवला नाही.

बाबांना क्रेनवरून उतरवलं आणि गेटवर बसवलं. उजवा डोळा लवकरच गेला. डाव्याचा भरवसा नव्हता, म्हणून रोज संध्याकाळी ते मला हाक मारायचे, "बाई, दाखव व माह्यं झाड." मी ड्युटीचा टॉर्च त्यांच्या मिटलेल्या डाव्या डोळ्याच्या कोपऱ्याशी धरून हलवायची आणि ते सांगायचे, ही फांदी दिसते, तिकडं धुकं आलं. ते बोलेपर्यंत मायचे हात कणकेत थांबलेले असायचे. मला त्या खेळाची धास्ती वाटायची, पण नाही म्हणवायचं नाही.

अशाच एका संध्याकाळी मी टॉर्च डोळ्याशी नेला. माय थांबली.

"दिसून राहिलं," बाबा तिच्याकडं तोंड करून मोठ्यानं म्हणाले. "पुरं झाड. एकबी फांदी मोडली नाही."

मायनं सुस्कारा टाकला आणि कणीक मळायला घेतली.

मी टॉर्च अजून लावलाच नव्हता.