मामांचा निळा ठिपका

अंगावर निळा ठिपका नसलेल्या कोणत्याही जिवावर आमच्या हिचे मामा विश्वास ठेवत नसत. जनावरांच्या दवाखान्यात मेंढरांना लस टोचण्यात त्यांची उभी नोकरी गेली. टोचलं की पाठीवर निळा ठिपका, हा त्यांचा नियम. निवृत्तीनंतरही लस आली की पेटी खांद्याला लावून हेच मेंढपाळांच्या पालावर हजर. पुढे सवय इतकी वाढली की दुरुस्त झालेला पंप, कीड नसलेलं ज्वारीचं पिंप, गळत नाही अशी खात्री पटलेलं गॅस सिलिंडर, सगळ्यांवर ठिपके पडू लागले. लग्नानंतर मी पहिल्यांदा कर्जतजवळच्या त्यांच्या गावी मुक्कामाला गेलो, तेव्हा सर्दी-खोकल्याची कसून चौकशी करून त्यांनी माझ्या नव्या बॅगेवर ठिपका दिला. "आता हिंडा घरात कुठंबी, जावईबापू," म्हणाले. ती बॅग मी अजून वापरतो, नाइलाजाने.

या संशयाचं मूळ होतं गावाबाहेरच्या माळावरचा काळविटांचा कळप. मामांना मूलबाळ नाही. जो काही जीव लावायचा तो त्यांनी या कळपाला लावला होता. उन्हाळ्यात त्यांच्यासाठी माळावर टाकं बांधून ते टँकरने भरून घेत. नेमकी त्याच दिवसांत मेंढपाळांची मेंढरं त्या वाटेने माघारी येत. बुळकांडी झालेल्या मेंढराने टाक्याला तोंड लावलं आणि मागाहून काळविटं त्याच पाण्यावर आली, तर रोग कळपात शिरणार, आणि रानातल्या जनावराला धरून कुणी सलाईन लावत नाही, हे मामा ऐकणाऱ्याला आणि न ऐकणाऱ्यालाही सांगत. म्हणून टाक्यापाशी खुर्ची टाकून बसत. ठिपका असेल तर पाणी, नसेल तर पुढची वाट. एकदा एका पुढाऱ्याला त्यांनी तिथे हात धुऊ दिले नाहीत. "तुमी लई गावं फिरता," म्हणाले. माणसाला हा रोग होत नाही, असं मी बाजूला घेऊन सांगितलं, तर म्हणाले, "होत न्हाई, पन चपलंला लागून येतो."

मागच्या उन्हाळ्यात दवाखान्याच्या पाटीवर जिल्ह्याचं नवं नाव आलं, लस मात्र आली नाही. मामा रोज जाऊन विचारत. खुर्चीवरचा माणूस मान वर न करता "येईल" म्हणे. इकडे मेंढरं यायला लागली होती आणि मामा एकेक कळप परत फिरवत होते. चौथ्या दिवशी ठकूबाई नावाची मेंढपाळीण आली, तर तिच्या प्रत्येक मेंढराच्या पाठीवर निळा ठिपका. मी तिथेच होतो. मामा चक्क खुर्चीवरून उठले. "शानी बाई. कुठूनतरी टोचून आनलीच," म्हणाले आणि स्वतः बाजूला होऊन त्यांनी कळपाला वाट करून दिली. मामांना इतकं खूश मी कधी पाहिलं नव्हतं.

थोड्याच दिवसांत काळविटांची नाकं वाहू लागली, तोंडात फोड आले, हगवण लागली. खाली बसलं ते उठलं नाही, असं एकामागून एक होत माळ रिकामा झाला. साहेब लोक आले. पंचनामा केला, चुना टाकून पुरलं, पुरताना फोटो काढले. मामा ठकूबाईच्या पालावर निघाले आणि भांडण होऊ नये म्हणून मीही मागोमाग गेलो. तिचीही मेंढरं पडली होती.

"ठिपका कुनी दिला, बाई?"

"मीच दिला की," ती म्हणाली. "दोन दिस पान्यावाचून तान्हेली हुती मेंढरं. तुमी पाठी बघत हुता, डाक्टर, जिभा न्हाई बघितल्या. रंग काष्टीच्या बाजारात मिळतो. लस कुठं मिळती, ते तुमाला तरी घावलं का?"

मामा आल्या वाटेला लागले. परतताना एवढंच म्हणाले, की जन्मभर मेंढरांची तोंडं उघडून बघितली, आणि त्या दिवशी एकाचंही बघितलं नाही. मला ठकूबाईचा राग आला नाही, मामांचाही नाही. मान वर न करता म्हटलेल्या त्या "येईल"चा आला, तो अजून उतरलेला नाही.

आता मामांनी वाटेवरच, गावाच्या अलीकडे, मेंढरांसाठी वेगळं टाकं बांधलंय. कुणाच्याही मेंढरांनी यावं, प्यावं. मामा तिथे खुर्ची टाकत नाहीत. माळावरचं टाकंही ते भरून ठेवतात. परवा मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. पाण्यातला पाचोळा काढून आम्ही बाभळीखाली ऊन कलेपर्यंत बसलो. कुणी आलं नाही. निघताना मामांनी टाक्यात हात घालून पाणी मापलं.

"कालच्यापेक्षा दोन बोटं कमी झालंय," म्हणाले. "रातीचं येत असंल एखादं."

ऊन केवढं होतं ते मी दिवसभर बघितलं होतं.

"येत असणार, मामा," मी म्हणालो.