संघटनेचा तंबोरा

आमच्या दोन जिल्ह्यांच्या संगीत शिक्षक संघटनेत साधा सभासद शोधून सापडत नाही. अध्यक्ष, कार्याध्यक्ष, धुळ्याचे उपाध्यक्ष वेगळे, जळगावचे वेगळे, वर सल्लागार, आणि उरलेले सगळे सचिव. मी मार्गदर्शक होते. म्हणजे बैठकीत चहा मला आधी मिळायचा. गाण्याचा विषय तिथे निघालाच तर चुकून निघायचा.

एक प्रथा मात्र मला आवडायची. नवा शिक्षक आला की संघटनेचा तंबोरा त्याच्यापुढे ठेवायचा. त्याने गवसणी काढायची, सगळ्यांसमोर तारा जुळवायच्या आणि थोडं गायचं. तंबोरा जुळला की माणूस आमचा झाला.

गेल्या उन्हाळ्यात यावलकडची एक शिक्षिका आली. केळीच्या बागांत मजुरीला जाणाऱ्यांच्या मुलींना ती गाणं शिकवते. तिचे वडील विहारात भीमगीतं गायचे. पेटी तिच्या हाती तिथेच आली आणि पुढे तिने रीतसर परीक्षा दिल्या. तिला पद नको होतं, गायनाच्या परीक्षेचं केंद्र यावलला हवं होतं. मुलींना जळगावला आणायचं तर प्रत्येकीबरोबर घरचं कोणीतरी येणार, त्याचा कामाचा दिवस बुडणार, म्हणून कितीतरी मुली परीक्षेला बसतच नाहीत, असं तिने सांगितलं. केंद्राची शिफारस संघटना करते, आणि तीही फक्त सभासदाच्या केंद्राची.

अध्यक्षांनी, म्हणजे आमच्या नानांनी, तिला घराणं विचारलं. तिने वडिलांचं नाव घेतलं आणि ते काय गायचे तेही मोकळेपणाने सांगितलं. खोलीत सगळ्यांना एकदम खोकला सुटला. मग एका सचिवाने मोबाईल काढला, त्यावर तंबोऱ्याचं ॲप लावलं आणि तिच्यापुढे सरकवला. तंबोऱ्याची तार तुटली आहे, म्हणाला. तंबोरा तिथेच भिंतीशी गवसणीत उभा होता. ती क्षणभर त्याच्याकडे बघत राहिली आणि मोबाईलच्या सुरावर पटदीप गायली. चांगली गायली; मी उगाच कौतुक करणाऱ्यांतली नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग तिलाच ऐकवलं की तंबोरा जुळवला गेला नाही, त्यामुळे सभासदत्व नियमात बसत नाही, पुढच्या वर्षी बघू.

ती गेल्यावर मी उठले आणि गवसणी काढली. चारही तारा जागेवर होत्या. तार कुठे तुटली ते दाखवा, असं मी नानांना म्हटलं, आणि माझा आवाज चढला होता.

नाना घरातल्यासारखं हसले. "अक्का, बठ्ठास्ना हात लागाले नको. आपला तंबोरा शे, आपलेच जपनं पडी."

सगळ्यांचे हात लागायला नकोत, म्हणजे कोणाचे, ते मला कळलं. मला किळस आली. हीच माणसं शाळेच्या स्नेहसंमेलनात माईक हातात धरून सांगतात की सुराला जात नसते. सकाळी पोरांना अभंग शिकवतात आणि दुपारी त्याच तोंडाने असलं बोलतात. आणि त्यांच्यात बसून मी इतकी वर्षं चहा प्यायले. मी तिथेच राजीनामा दिला. तर निर्लज्जांनी पुढच्या बैठकीत माझा सत्कार ठेवला. मी गेले नाही, तेव्हा शाल घरी पोचवली. ती मी आल्या पावली परत पाठवली.

जळगावच्या केंद्रावर परीक्षेला पेटीची साथ करायला मी अजूनही जाते. या खेपेला ती शिक्षिका यावलच्या एसटीने चार मुलींना घेऊन आली. मुली ओसरीत बसून सरगम घोकत होत्या. बाकीच्या कुठे आहेत, असं मी विचारलं.

"एवढ्याच आल्या, अक्का," ती म्हणाली. "जिचा गळा सगळ्यांत चांगला, तिच्या आईला आज खाडा करता आला नाही."