बिल्लेसरांनी खिशात घातलेली किल्ली

बिल्लेसर माणसाच्या तोंडाकडे नंतर बघत. आधी त्याच्या खिशावर किरणं मोजणारा बिल्ला लावलाय का, ते बघत. कोल्हापुरातल्या आमच्या कॅन्सर रुग्णालयात ते किरणसुरक्षा अधिकारी होते, म्हणजे पगार घेऊन सगळ्यांच्या शिव्या खाणारे एकमेव गृहस्थ. मी नवखा तंत्रज्ञ होतो आणि अर्थातच मला सगळं येत होतं.

रुग्णांना किरणांचा शेक देणारं आमचं यंत्र जास्त ऊर्जेवर चालवलं की क्ष-किरणांबरोबर न्यूट्रॉनही निघत. यंत्र थांबल्यावरही त्याचे भाग थोडा वेळ किरणं सोडत राहतात, म्हणून सर आम्हाला दाराबाहेर उभं करत. मी कुरकुरलो की म्हणत, "मर्दा, न्यूट्रॉन काय पावणं हाय व्हय, दार वाजवून यायला?"

एकदा दाराचा सुरक्षा-स्विच बिघडला. दार उघडं असेल तर यंत्र सुरू होऊ न देणं, एवढंच त्याचं काम. नवा स्विच महिनाभर मिळणार नाही म्हणून संचालकांनी त्याच्या दोन वायरी थेट जोडून घेतल्या, म्हणजे दार उघडं असलं तरी यंत्र सुरू होणार. सर नेमके रजेवर होते. असे मुहूर्त आमच्याकडे अचूक साधले जात.

दुसऱ्या दिवशी सकाळी, रुग्ण यायच्या आधी, मला यंत्राची रोजची चाचणी घ्यायची होती. दार पुरतं लागलंय का, हेही मी बघितलं नव्हतं. बटण दाबणार, तोच रजेवरून परतलेल्या सरांनी मागून मनगट धरलं.

"आत बघितलंस?"

"आत कोण असणार, सर?"

ते आत गेले आणि यंत्रामागे फरशी पुसणाऱ्या शांतामावशींना बादलीसकट घेऊन आले. "हे बघ तुझं 'कोण न्हाय'. नमस्कार कर त्यास्नी."

मी खरंच वाकलो. 

सरांनी दाराच्या जोडलेल्या वायरी बघितल्या आणि यंत्राची किल्ली काढून खिशात घातली. रुग्ण जमल्यावर संचालक धावत आले. "बाहेर पेशंट ताटकळलेत. माणुसकी हाय का न्हाय?"

"हाय की. म्हणून तर किल्ली देत न्हाय."

मग सर स्वतः बाहेर गेले आणि एकेका रुग्णाची हात जोडून माफी मागून आले. महिनाभर न मिळणारा स्विच संध्याकाळी आला; सोबत सरांच्या नावाची नोटीसही.

वर्षअखेर सरांचा करार वाढवला नाही. शाल-श्रीफळ मात्र दिलं, आणि संचालकांनी सुरक्षिततेवर फार हृद्य भाषण केलं. आपल्या गावी, नेसरीला निघालेल्या सरांना शांतामावशींनी फाटकाशी गाठलं. "सायेब, आता आमच्यावर वरडनार कोन?"

सरांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "ह्यो. अजून जमत न्हाय त्याला. शिकंल."

शिकलो. हल्ली संचालक मलाही नोटिसा पाठवतात.